वाळूची पाळी

मिरानला उतार कळायचा. आता तुम्ही म्हणाल, उतार काय, शेंबड्या पोरालाही कळतो. पण गोल्फच्या मैदानावर, जिथं शेवटचा चेंडू हलकेच ढकलून होलात घालायचा असतो, त्या बारीक कातरलेल्या हिरवळीवर भल्याभल्यांची फजिती होते. डोळ्यांना वाटतं जमीन डावीकडं झुकलीय, आणि चेंडू निघतो उजवीकडं. मग मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब गुडघ्यावर बसतात, एक डोळा मिटतात, काठी हवेत लोंबती धरून बघतात. मिरान तिथं नुसती चालत जायची. दोन पावलं टाकायची, टाच दाबून बघायची आणि म्हणायची, "साहेब, वीतभर उजवीकडं मारा." साहेबानं ऐकलं तर चेंडू होलात. नाही ऐकलं तर ती कशाला बोलेल? उन्हासाठी टोपीला लावलेल्या कापडाआड गालातल्या गालात हसायची.

ती कॅडी होती. योजू गावाजवळच्या टेकड्यांमध्ये मैदान आहे, नाव नका विचारू, तिथं एकोणीस वर्षं. चार खेळणारे, त्यांच्या काठ्यांच्या चार पिशव्या, एक गाडी आणि एक कॅडी, असा एकेक ताफा निघायचा. कुणाला कुठली काठी द्यायची, इथून झेंडा किती लांब, कुणाचा चेंडू झाडीत कुठं गेला, कुणाच्या रडक्या फटक्याला "वा!" म्हणायचं आणि कुणाच्या वेळी गप्प बसायचं, सगळं तिनं बघायचं. साठीचे म्हातारेसुद्धा तिला "ओ ताई" म्हणून हाका मारायचे. ती कुणाला कधी चुकीची काठी द्यायची नाही, एवढा तिचा लौकिक.

आणि तिची एक वही होती. हातात मावेल एवढी, निळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. अठरा होल, अठरा हिरवळी, प्रत्येकीचं चित्र, चित्रावर बाण आणि शेजारी तिच्या अक्षरात बारीक नोंदी. "पावसानंतर चेंडू इथं रेंगाळतो." "सकाळी दव असताना दीड वीत धरावं." नव्या मुली वही मागायच्या आणि ती कुरकुर न करता द्यायची. फक्त चौदाव्या होलच्या चित्रानंतरची दोन पानं तिनं भाताच्या शितांनी एकमेकांना चिकटवून टाकली होती. कुणी विचारलंच तर म्हणायची, "उतार चुकीचा काढला होता," आणि पुढचं पान उलटायची.

हे सगळं मार्चमध्ये एका सकाळी उलटंपालटं झालं. तिचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. त्यांच्याकडं वाढदिवसाला समुद्री शेवाळाचं सूप प्यायचं असतं, आणि ते आईनं करायचं असतं. आई जाऊन पाच वर्षं झाली होती, म्हणून मिराननं स्वतःच केलं, स्वतःच "चांगलं झालंय हो" म्हणाली आणि कामावर गेली. गणवेश चढवते न चढवते तोच प्यो मास्तरची हाक आली.

"सतरा नंबर! जरा आत या."

प्यो मास्तर म्हणजे कॅडींच्या पाळ्या लावणारा कंपनीचा माणूस. वय अडतीस, छातीशी कायम एक पॅड धरलेलं. पासष्ट बायकांना नावं असतात हे त्याच्या गावीच नव्हतं. त्याच्या लेखी त्या एक ते पासष्ट होत्या. त्यानं एक कागद पुढं सरकवला आणि आज त्यावरचं आडनाव वाचून बोलला.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा, हाम बाई. महिनाअखेरीला तुमचं काम बंद. नियमच आहे, पंचेचाळीस पूर्ण झाली की थांबायचं."

"कुणाचा नियम?"

"तुमचाच की! कॅडींनी स्वतःसाठी केलेले नियम. कलम अकरा. भिंतीवर लावलेत, वाचत नाही का कधी?"

मिराननं भिंतीकडं बघितलं. ते नियम मास्तरनं स्वतः टाइप केले होते आणि सगळ्याजणींना ओळीत उभं करून खाली सह्या करायला लावल्या होत्या. पण तिच्या डोक्यात वेगळाच भुंगा शिरला.

"मास्तर, तुम्ही नेहमी आम्हाला काय सांगता? 'तुम्ही कंपनीच्या नोकरीत नाही, स्वतःच्या धंद्याच्या मालकिणी आहात.' बरोबर?"

"बरोबर."

"मग मालकिणीला निवृत्त कोण करतं?"

प्यो मास्तरनं पॅड दुसऱ्या हातात घेतलं. "हाम बाई, शब्दात पकडू नका हो."

"पकडत नाहीये. खरंच विचारतेय."

आणि खरंच विचारत होती, तिच्या आईची शपथ! तिला राग नंतर आला. आधी आलं ते कुतूहल. एकोणीस वर्षं हिरवळीचा उतार शोधणारी बाई आता स्वतःचाच उतार शोधायला लागली. आपण कोण? आपली मालकीण आपण, की दुसऱ्याचं माणूस? यातलं काहीतरी एकच असणार. कारण मालकीण असेन तर मला काढणारा हा कोण, आणि नोकरीत असेन तर साठीच्या आत काढतो कसा?

प्रश्न गमतीचा होता, पण त्यावर तिची भाकरी होती. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरं कुठलं मैदान तिला दारात उभं करणार नव्हतं. आणि भाकरीचं जाऊ द्या. त्या अठरा हिरवळींवाचून ती करणार काय होती? घरी बसून भिंतींचे उतार मोजणार?

महिना संपला, काम बंद झालं, आणि मिरान योजूभर विचारत सुटली. पहिला सापडला पार्सलवाला. जिन्यात खोकी उतरवत होता.

"का हो, तुमचा मालक कोण?"

"मीच!" तो घाम पुसत म्हणाला. "गाडी माझी, डिझेल माझं, पाठदुखी माझी."

"मग आज दुपारी घरी जाऊन झोपा की."

तो खो खो हसला. "ताई, चेष्टा करता काय गरिबाची? संध्याकाळपर्यंत एवढी खोकी पोचली नाहीत तर उद्या हा रस्ताच दुसऱ्याला देतील."

मिराननं मान डोलवली. मग ती केस कापायला गेली, म्हणजे केस हे निमित्त. कापणारी मुलगी म्हणाली, "मी पण स्वतंत्र आहे, ताई. ही खुर्ची भाड्यानं घेतलीय." पण आरशावर कागद होता: उशिरा येणाऱ्यांनी झाडू मारायचा. "हा कागद कुणी लावला?" मिराननं विचारलं. मुलीनं कात्री थांबवून कागदाकडं असं बघितलं जणू आज पहिल्यांदा दिसला, आणि त्या नादात मिरानचे केस एका बाजूला जरा जास्तच कापले.

शेवटी बसस्टँडजवळ भाजलेली रताळी विकणारी म्हातारी भेटली. तिला विचारलं, "आजी, तुम्हाला सुट्टी कोण देतं?"

"सुट्टी?" म्हातारीनं रताळं उलटवलं. "गुडघा देतो. काल गुडघा म्हणाला आज नको, नाही आले. परवा नातीचं नाटक होतं, नाही आले. तुला रताळं हवंय का नुसतीच चौकशी?"

मिराननं दोन रताळी घेतली आणि तिथंच बाकावर बसून खाल्ली. ही खरी मालकीण, तिला वाटलं. हिला बसायचं असलं की ही बसते. मी एकोणीस वर्षांत मैदानावर एकदाही बसले नाही. गाडीत पाच जागा असतात, तरी कॅडीनं खेळणाऱ्यांसमोर टेकायचं नाही.

सोबतीला एक ग्युरी होती. बावीस नंबर, तिशीतली, मिरानच्या हाताखाली शिकलेली आणि जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "मिरानताई, तू हे लोकांना विचारत फिरण्यापेक्षा ज्यांना त्याचे पैसे मिळतात त्यांना विचार ना!" आणि हाताला धरून तिला योम बाईंकडं घेऊन गेली. योम बाई कामगारांच्या तक्रारी लढवायच्या. ऑफिस भाजीच्या दुकानावर, जिन्यात कांद्याचा वास.

योम बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नीट ऐका. विनाकारण काढलं म्हणून दाद मागता येते, पण फक्त नोकरीतल्या माणसाला. कंपनी सांगणार की ही बाई स्वतंत्र, त्यामुळे काढण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे आधी आपल्याला दाखवावं लागेल की तुम्ही दुसऱ्याच्या हुकमाखाली होतात."

"हुकूम? मला?" मिरान ताठ झाली. "मला कुणी काही सांगावं लागत नाही हो. मी काय सांगकामी आहे?"

"झालं!" योम बाईंनी कपाळावर हात मारला. "हेच तिथं बोलू नका. हे बघा, कामात हुशार कितीही असा, कायदा विचारतो ते वेगळं. वेळ कोण ठरवतं? कपडे कोण ठरवतं? नाही म्हणता येतं का? चुकलं तर शिक्षा कोण करतं? तुमच्याकडं काही लेखी आहे? ताकीद, दंड, माफीपत्र?"

मिरानचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "नाही," ती म्हणाली. "माझी चूक होत नाही."

ग्युरीनं तिच्याकडं चमकून बघितलं, पण योम बाईंसमोर जीभ आवरली. परतीच्या बसमध्ये मात्र तिला राहवेना. "ताई, वाळूचं सांगितलं नाहीस."

"वाळूचं काय सांगायचंय?"

वाळूचं असं होतं. खेळणाऱ्याच्या काठीनं गवताचा टवका उडतो, जमिनीत खळगा पडतो. तो वाळूनं भरावा लागतो, नाहीतर गवत पुन्हा धरत नाही. हे काम कॅडींचं. आपली पाळी आली की उजाडायच्या आत बादली आणि पळी घेऊन जायचं, वाकून वाकून शेकडो खळगे भरायचे, फुकट. पाळी चुकवायची नाही. चुकवायचीच असेल तर आपल्या जागी दुसरी उभी करायची, आणि तीही त्या पासष्टांतलीच.

"सगळ्याच भरतात वाळू," मिरान खिडकीबाहेर बघत म्हणाली, आणि विषय संपला.

जूनमध्ये सुवॉनला कामगार आयोगापुढं सुनावणी होती. लांब टेबल, पलीकडं पाच जण, मधोमध अध्यक्षबाई. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा, आणि एकेका माणसाकडं अशा बघायच्या की जणू तो शाळेला उशिरा आलाय. अलीकडं एका बाजूला मिरान आणि योम बाई, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील, त्यांच्या मागं पॅड छातीशी धरून प्यो मास्तर. ग्युरी सुट्टी घेऊन आली होती. म्हणजे तिनं आपल्या जागी दुसरी उभी केली होती.

वकील हसतमुख होते. आवाज असा की दुकानात साडी दाखवताहेत.

"हाम बाई, तुम्हाला पैसे कंपनी देते?"

"नाही. खेळणारे देतात, हातात."

"दुसरं काही काम करायला कंपनीनं मनाई केली होती?"

"मनाई नव्हती. वेळ नव्हता."

"छान. आता सांगा, हिरवळीचे उतार ओळखण्याची तुमची ख्याती आहे असं ऐकतो. ते कंपनीनं शिकवलं?"

योम बाईंनी टेबलाखाली तिचा गुडघा दाबला. पण मिरानची मान वर गेलेली होती.

"कंपनी काय शिकवणार, कप्पाळ! त्यांना स्वतःच्या अंगणाचा उतार माहीत नाही. माझ्या आईनं शिकवलं. आमची भाताची खाचरं डोंगरावर होती. पाणी सगळीकडं सारखं उभं राहिलं पाहिजे, म्हणून आई अनवाणी फिरायची आणि टाचेनं बघायची. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून तिच्या मागं मागं. उतार डोळ्यांना फसवतो, टाचेला नाही फसवत."

"म्हणजे हे कौशल्य तुमचं स्वतःचं."

"माझं स्वतःचं."

"त्याची काही नोंद ठेवता?"

मिराननं पिशवीतून वही काढली. दाखवल्याशिवाय तिला राहवलंच नाही. आजवर कुणी एवढ्या आदरानं विचारलं नव्हतं.

"ही वही कंपनीनं दिली?"

"छे! माझी आहे. पुठ्ठासुद्धा माझा."

वकील खुशीत अध्यक्षबाईंकडं वळले. "बाई, ही वही पुरावा म्हणून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. स्वतःची विद्या, स्वतःची साधनं. स्वतंत्र धंदेवाला म्हणतात तो हाच."

योम बाईंनी डोळे मिटून घेतले. मिरानला तेव्हा कळलं की आपण अभिमानाच्या भरात आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. वही टेबलावरून हातोहात पलीकडं गेली. आणि ती निम्म्यात असताना मिरानला ती चिकटवलेली पानं आठवली. तिचा हात पुढं गेला, पण वही पोचली होती.

अध्यक्षबाईंना वही आवडली असावी. एकेक पान सावकाश उलटत होत्या, मधेच विचारत होत्या. "हा बाण वाकडा का?" "इथं दव जास्त का पडतं?" मिरान उत्तर देत होती, पण तिचं लक्ष पानांच्या आकड्यांकडं होतं. अकरा. बारा. तेरा.

"तुम्ही आजारी पडलात तर बहिणीला पाठवू शकता?" पान उलटता उलटता अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बहिणीला?" मिरानला अशाही स्थितीत हसू आलं. "तिला फाटकाच्या आत घेणार नाहीत. पासष्टांतलीच लागते."

"आणि नाही सापडली तर?"

मिरानची नजर वहीवर गेली. अध्यक्षबाईंचं बोट चौदाव्या होलवर थांबलं होतं. पान जाड लागत होतं. त्यांनी ते बोटांत चोळून बघितलं, उजेडाकडं धरलं.

"ही दोन पानं चिकटवलीत का?"

"उतार..." मिरान म्हणाली आणि थांबली. पाच वर्षं हेच उत्तर तिच्या ओठांवर होतं. आज ते बाहेर येईना.

"खासगी असेल तर राहू द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मी पुढं जाते. तुमच्या मर्जीविरुद्ध काही उघडणार नाही."

पुढं जाऊ दिलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. ती हरली असती आणि तिची लाज तिच्याजवळ राहिली असती. तिनं मागं बघितलं. ग्युरी डोळे मोठे करून तिच्याकडं बघत होती. प्यो मास्तर मात्र पॅडकडं. त्याच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, देव जाणे.

"द्या इकडं," मिरान म्हणाली. "मीच उघडते."

तिनं समोरच्या पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवलं आणि पानांच्या कडेवरून फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं. घाई केली नाही. वाळलेली शितं मऊ झाली, आणि पानं न फाटता सुटली. मग ती उभी राहिली. खरं तर बसून वाचलं असतं तरी चाललं असतं, पण एकोणीस वर्षांची सवय.

"माफीपत्र," तिनं वाचलं. "सतरा नंबर, हाम मिरान. ऑक्टोबरच्या बारा तारखेला माझी वाळूची पाळी होती. त्या सकाळी माझ्या आईचं दफन असल्यामुळे मी वाळू भरायला आले नाही आणि माझ्या जागी दुसरीची सोय केली नाही. त्यामुळे मैदानाची आणि माझ्या सोबतिणींची गैरसोय झाली. त्याबद्दल मी मनापासून माफी मागते. पुन्हा असं होणार नाही."

टिपणं घेणाऱ्या माणसाचं पेन थांबलं होतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "शेवटचं वाक्य... ते कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी सांगावं लागत नाही, बाई. सगळी माफीपत्रं तशीच संपतात. नाही लिहिलं तर परत येतं. माझं पहिलं परत आलं होतं. मी म्हटलं मास्तरना, हे कसं लिहू? आई काय पुन्हा मरणार आहे? ते म्हणाले, नमुना तसाच आहे. मग खाडाखोड नको म्हणून आधी वहीत कच्चं लिहिलं आणि त्यावरून चांगल्या अक्षरात उतरवून दिलं. माझं अक्षर छान आहे असं म्हणाले."

"मग?"

"मग दहा दिवस यादीच्या तळाला टाकलं. सगळ्यांना पाळी मिळून उरली तर मला."

"कंपनीकडून अंत्यविधीला कुणी आलं होतं?"

"नाही. मी फुलांच्या चक्राबद्दल विचारलं होतं." मिरानचा आवाज आता बारीक झाला. "अंत्यविधीच्या हॉलमध्ये आईच्या खोलीबाहेर एकही चक्र नव्हतं. शेजारच्या मयताकडं चक्रांची रांग लागली होती, आणि आमच्याकडं नुसती भिंत. मामा म्हणाला, एवढी वर्षं एवढ्या मोठ्या ठिकाणी आहेस, कंपनीच्या नावाचं एक चक्र नाही? म्हणून मी फोन केला. मास्तर म्हणाले, चक्र कंपनीच्या माणसांसाठी असतं, तुम्ही स्वतंत्र. मी म्हटलं, बरं. आणि परवा वाळू आहे बरं का, असंही म्हणाले." ती थांबली. "फुलांच्या वेळी मी बाहेरची होते, बाई. वाळूच्या वेळी घरची. मला तेव्हापासून कळलेलं नाही, मी नक्की कोण."

अध्यक्षबाईंनी तिच्यावरून नजर काढली आणि मागं बघितलं. "प्यो साहेब, हे पत्र तुमच्याकडं आलं होतं?"

प्यो मास्तर उभा राहिला. पॅड खाली आलं होतं. "फाइलला असेल," तो म्हणाला. मग पॅडकडं बघत, "आहे. फाइलला आहे."

वकिलांनी कागद आवरायला घेतले. वही पुरावा म्हणून त्यांनीच मागितली होती, आता ती परत कशी मागणार? "आम्हाला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

निकाल त्याच संध्याकाळी मोबाइलवर येतो. तिघीजणी योजूला परतल्या आणि बाजारातल्या सूप-भाताच्या दुकानात बसल्या. जेवण कुणालाच जाईना. ग्युरी मिरानच्या फोनकडं असं बघत होती जणू तो पळून जाणार आहे.

"तू मला सांगितलंस का नाही, ताई?" तिनं विचारलं. "मला वाळूची पाळी चुकली एवढंच माहीत होतं. पत्राचं माहीत नव्हतं."

"लाज वाटली."

"त्यांना वाटायला पाहिजे लाज!"

"त्यांची ती त्यांच्याजवळ. मला आईची वाटली." मिराननं भातावर मुळ्याचं लोणचं घेतलं आणि तसंच ठेवलं. "चार दिवसांपूर्वी जिला मातीत ठेवलं, तिच्याबद्दल मी लिहून दिलं की गैरसोय झाली. ते पान रोज हातात असायचं, ग्युरी. अठरा होल चालायचे, म्हणजे रोज एकदा चौदावा यायचाच."

आठ वाजता फोन वाजला. योम बाईंनीच तो उचलून वाचला, दोनदा. "मान्य," त्या म्हणाल्या. "अर्ज मान्य. तुम्ही नोकरीतल्या. परत घ्यायचंय त्यांना."

ग्युरीनं एवढ्या मोठ्यानं आरोळी ठोकली की दुकानदारीण आतून लाटणं घेऊन धावत आली. काय झालं ते कळल्यावर तिनं तिघींना पॅनकेक फुकट दिला. योम बाई म्हणाल्या, "आनंदाचं जेवण आत्ताच जेवून घ्या, कंपनी वर अपील करणार. पण ती वही आता त्यांनीच पुराव्यात घातलीय, हे त्यांना जन्मभर पुरेल." मिरान हसली, मग रडली, मग दोन वाट्या भात खाल्ला.

"मग ताई, काय वाटतंय?" ग्युरीनं तोंडात घास घेऊन विचारलं. "आता मालकीण नाहीस हं तू. साधी नोकरदार!"

"रताळ्यावाल्या आजीला सांगायला हवं," मिरान म्हणाली. "आणि पार्सलवाल्याला. त्याला योम बाईंचा नंबर देते."

घरी आल्यावर तिनं पाय धुतले, दिवा लावला आणि वही उघडली. आयोगानं पानांच्या प्रती काढून घेऊन वही परत दिली होती. चौदाव्या होलनंतरची ती पानं आता सुकून जराशी सुरकुतली होती. डाव्या पानावर माफीपत्र. उजवं पान कोरं. पाच वर्षं त्याच्यावर नुसती शितं होती. तिनं पेन घेतलं. आधी कच्चं लिहावं की काय, असं क्षणभर वाटलं, पण नमुना तिला पाठ होता. आपल्या त्या छान अक्षरात, खाडाखोड न करता तिनं लिहिलं:

माफीपत्र. हाम मिरान. आई, तू गेलीस त्याबद्दल मी दुसऱ्या माणसाची माफी मागितली. त्याबद्दल मी मनापासून तुझी माफी मागते. पुन्हा असं होणार नाही.